देवावर विश्वास आहे, मग रात्री तीनला हिशेब का सुरू होतो?

समुपदेशनासाठी भांडुपहून आलेल्या या बाईंनी पहिल्या भेटीत पैशांबद्दल काहीच विचारलं नाही. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि म्हणाल्या, "मॅडम, माझी श्रद्धा कमी पडतेय का?"

घरची स्थिती अशी. यजमान ४८ वर्षांचे, लोअर परळच्या एका छपाई कारखान्यात हिशेब सांभाळायचे. कारखान्याचं काम आटलं, वीसेक माणसांतल्या आठ जणांना घरी बसवलं, त्यात हे. त्याला अडीच महिने झालेले. सासूबाई ७६ वर्षांच्या. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, तेव्हापासून अंथरुणावर. मुलगा बारावीला. वन रूम किचनचा हप्ता चालू. बाई स्वतः एका पोळी-भाजी केंद्राला रोज दीडशे पोळ्या लाटून देतात, त्याचे महिन्याला साधारण १२,००० येतात. घर तीन पिढ्यांचं स्वामीभक्त. गुरुवार कधी चुकला नाही. देव्हाऱ्याच्या वर ‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ ही पाटी. आणि त्या पाटीखाली झोपूनही रोज रात्री तीनला जाग येते, जाग आली की हप्ता, डायपर, क्लासची फी, पुन्हा हप्ता. "एवढं नाव घेते, तरी पोटात गोळा येतो. मग ते नाव घेणं खोटंच ना?"

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. आकडे मात्र प्रमाणात ठेवले आहेत, कारण या प्रश्नावर आकड्यांशिवाय बोललं की नुसता धीर देणं होतं आणि तो धीर भांडुप स्टेशन येईपर्यंतसुद्धा टिकत नाही.)

हा प्रश्न एकट्या या घराचा नाही. वसईच्या ख्रिस्ती घरांतून येतो, मुंब्र्याच्या मुस्लीम घरांतून येतो. देवाचं नाव बदलतं, रात्रीचे तीन तेच राहतात.

पहिल्या भेटीत श्रद्धेला हातच लावला नाही. आधी झोपेचा हिशेब काढला. रात्री साडेअकराला पाठ टेकायची. सासूबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी आणि टाचांना जखमा होतात. म्हणून दीडला उठणं, साडेतीनला उठणं. पोळ्यांची कणीक मळायला पाचला उठणं. मधल्या तुकड्यांची बेरीज केली तर जेमतेम चार तास. त्यात उत्तररात्रीची झोप मुळात सावध असते, किरकोळ आवाजानेही मोडते. आणि त्या वेळी ना बँक उघडी असते, ना भावाला फोन करता येतो. करण्यासारखं काहीच हाताशी नसलं की डोकं एकाच गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखं फिरतं. त्याचा भक्तीशी संबंध नाही. चार तास झोपलेल्या माणसाच्या श्रद्धेची परीक्षा कुणी घेऊ नये. त्या माणसाने स्वतःही घेऊ नये.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली, तीही सहज, निघता निघता. थायरॉइडची गोळी दीड महिन्यापासून बंद होती. "तेवढेच वाचतात." शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली दीड-दोनशे रुपयांच्या आसपास येते, म्हणजे दिवसाला दोन रुपयेसुद्धा नाहीत. थायरॉइड कमी असलेल्या माणसाने गोळी सोडली की थकवा वाढतो, मन उदास होतं, कशात लक्ष लागत नाही, आणि या सगळ्याला मग ‘माझा विश्वास डळमळतोय’ असं नाव पडतं. त्यांना सांगितलेलं पहिलं काम हेच: उद्या डॉक्टरांना फोन, गोळी पुन्हा सुरू, ते सांगतील तेव्हा टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. संकटात कात्री लागते तेव्हा घरातली बाई ती आधी स्वतःवर चालवते. दूध, स्वतःची औषधं, स्वतःचा चष्मा. हे इतक्या घरांत दिसतं की आता पहिल्याच भेटीत थेट विचारायचं ठरवलं आहे: तुमचं स्वतःचं काय काय बंद केलंत?

दुसऱ्या भेटीला यजमान आले. कमी बोलणारे, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. नोकरी गेल्यावर पहिला महिना त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. रोजची लोकल पकडायची, दादरला उतरायचं आणि दिवसभर मठात बसायचं. बाईंचा राग त्याच गोष्टीवर अडला होता: "देवाच्या दारात बसून आमच्याशी खोटं वागले." हा राग खरा होता आणि तो बोलू दिला. पण त्यांनी मठच का निवडला, हेही विचारायला हवं होतं. उत्तर साधं निघालं. बागेत वॉचमन हटकतो, हॉटेलात चहा घ्यावा लागतो, ओळखीचा भेटला तर आज सुट्टी का म्हणून विचारतो. मठात बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मुंबईत पैसे न मोजता, कारण न सांगता दिवसभर बसता येईल अशा जागा आहेतच किती?

हप्त्याचं काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "स्वामी बघतील."

या वाक्याचे दोन अर्थ असतात आणि ते ओळखायची खूण एकच. ‘देव बघेल’ असं म्हटल्यावर माणसाचा हात कपाटात ठेवलेल्या न उघडलेल्या पत्रांकडे जातो की त्यांच्यापासून दूर? ज्याला त्या वाक्याने बळ येतं तो म्हणतो, देव आहे ना पाठीशी, मग उघडू या पाकीट, जे असेल ते असेल. ज्याला त्या वाक्याची ढाल हवी असते त्याचं पाकीट तसंच राहतं. दुसऱ्या अर्थाला अश्रद्धा म्हणू नये. ती भीती असते, आणि घाबरलेला माणूस देवाचा पदर धरणारच. पण भीतीला भक्ती म्हणून घरात बसू दिलं की ती पाहुण्यासारखी निघून जात नाही. यजमानांना हे एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. फक्त विचारलं, की घरी न उघडलेली पाकिटं किती आहेत. "तीन." पुढच्या भेटीला ती तशीच घेऊन या, इथे उघडू, असं ठरलं.

समुपदेशकाने हिशेबात पडू नये असं मानणारे आहेत. पण ज्या घरात भीतीच पाकिटात बंद आहे तिथे भावनांवर चर्चा करत बसणं म्हणजे जखमेवरून हात फिरवत राहणं आणि पट्टी न सोडणं.

पहिलं पाकीट बँकेचं. एक हप्ता परत गेलेला, दंडाची रक्कम, बारा दिवस उलटलेले. यजमानांच्या मनात थेट घराला टाळं लागल्याचं चित्र होतं. प्रत्यक्षात हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला तर खातं बुडीत वर्गात, म्हणजे एनपीएमध्ये जातं. त्याआधीही ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर बँक खात्यावर खूण करते. बारा दिवस म्हणजे सुधारता येण्याजोगी चूक. इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते असं: माणूस लाजेने शाखेत जात नाही, खात्यात पैसे नसताना हप्त्याची तारीख येत राहते, दर वेळी आपली बँकही दंड लावते आणि कर्ज देणारी संस्थाही. जायचं ते हप्ता चुकण्याआधी, नोकरी गेल्याचं पत्र घेऊन, लेखी अर्ज देऊन आणि त्याची पोच घेऊन. मुदत वाढवून हप्ता कमी करून मागता येतो. बँक हो म्हणेलच असं नाही. या घराला नाहीच म्हणाली, नवी पगाराची स्लिप आणा मग बघू, असं उत्तर मिळालं. तरी यजमान शाखेतून बाहेर पडले तेव्हा अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांना भूक लागली, असं बाईंनी नंतर सांगितलं.

दुसरं पाकीट एलआयसीचं. सहामाही हप्त्याची तारीख उलटून वीस दिवस झालेले. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला ३० दिवसांची सवलत मिळते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. म्हणजे पॉलिसी अजून जिवंत होती. संकटात लोक विमा पहिल्यांदा सोडतात, कारण त्याचा उपयोग आज दिसत नाही. कमावता माणूस एकच आणि घरावर कर्ज, अशा घरात तो शेवटी सोडायचा.

त्या कागदावर एलआयसीचं चिन्ह होतं, दिव्याला आडोसा देणारे दोन हात आणि खाली ‘योगक्षेमं वहाम्यहम्’. यजमानांनी त्यावर बोट ठेवलं. "हे तर आम्ही रोज म्हणतो. स्वामी योगक्षेम वाहतात." तिथून बोलण्याला वाट मिळाली.

हे गीतेच्या नवव्या अध्यायातल्या २२व्या श्लोकातले शब्द. १९५६ साली स्थापन झालेल्या महामंडळाने ते बोधवाक्य घेतलं. नरीमन पॉइंटच्या त्यांच्या मुख्य इमारतीचं नावही ‘योगक्षेम’च. आपण हा जोडशब्द एका दमात म्हणतो, पण जुन्या भाष्यकारांनी त्याचे दोन भाग सांगितले आहेत. योग म्हणजे जे आपल्यापाशी नाही ते मिळणं. क्षेम म्हणजे जे आहे ते सांभाळलं जाणं. आणि त्याच श्लोकात हे कुणासाठी, तेही सांगितलंय: ‘नित्याभियुक्त’, म्हणजे सतत जोडलेले, लागून राहिलेले. हातावर हात ठेवून बसलेल्यांसाठी मराठीत वेगळी म्हण आहे, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’, आणि ती कौतुकाने म्हणत नाहीत. पण या घरात खरोखरच एक जण खाटल्यावर होतं. सासूबाईंना हरी खाटल्यावर देत होताच: सुनेच्या हातून पाणी, नातवाच्या हातून भात. हे बाईंना ऐकवलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

यजमान हिशेबनीस, म्हणून त्यांच्याच भाषेत काम दिलं. शंभर पानी वही, पानावर तीन रकाने. पहिला ‘क्षेम’: आज घरात काय आहे आणि ते टिकवायला या आठवड्यात काय करायचं. दुसरा ‘योग’: काय मिळवायचं आहे आणि त्यासाठी कुणाला, कधी, काय विचारायचं. तिसऱ्याला नाव त्यांनीच दिलं, ‘स्वामींचं’. नोकरी कोणत्या महिन्यात मिळेल, आई पुन्हा चालेल का, मुलाचा पेपर कसा येईल. या रकान्यात हिशेब मांडायचा नाही. तिथे फक्त नाव लिहायचं आणि हात जोडायचे. घोळ होतो तो रकान्यांची अदलाबदल झाल्यावर. यजमानांनी बँकेचं पाकीट ‘स्वामींचं’मध्ये टाकलं होतं, आणि बाई रात्री तीनला आईच्या चालण्याचा हिशेब मांडत होत्या.

मग पैसे. बाईंच्या डोक्यात आकडा होता ‘पैसे तीन महिन्यांत संपणार’. वहीत तो असा उतरला. किराणा, भाजी, दूध ११,५००. वीज, गॅस, मोबाइल ३,४००. सासूबाईंची औषधं ४,२००. डायपर आणि अंडरपॅड ४,५००. दिवसपाळीची आया, बारा तासांची, १८,०००. घराचा हप्ता ९,८००. क्लास ४,०००. सोसायटी १,९००. एकूण ५७,३००. बँकेत आणि एफडीत मिळून १,९६,०००. भागाकार केला की साडेतीन महिन्यांच्या आत सगळं संपतं, म्हणजे बाईंची भीती बरोबर होती. पण त्या भागाकारात त्यांनी स्वतःचे १२,००० धरलेच नव्हते. "ते काय, पोळ्यांचे." ते धरल्यावर महिन्याला कमी पडतात ४५,३००, आणि पैसे चार महिने पुरतात.

सगळ्यात मोठा आकडा आयेचा. यजमान दिवसभर घरात असताना बारा तासांची आया कशाला, असा सरळ प्रश्न होता. उत्तर यायला वेळ लागला. आईला स्वच्छ करायचं, तिचे कपडे बदलायचे, हे मुलाने कसं करायचं? यात संकोच त्यांचा होता तसाच आईचाही. तोडगा मधला निघाला. वस्तीतली एक बाई सकाळी चार तास, अंघोळ-स्वच्छतेसाठी, ७,०००. बाकी भरवणं, कुशीवर वळवणं, हातापायांचे व्यायाम यजमानांनी. फिजिओथेरपिस्टने त्यांना दोन वेळा घरी येऊन शिकवलं: दंडाला धरून ओढायचं नाही, लुळा पडलेला खांदा निखळतो, खाली घातलेली दुहेरी चादर धरून अंग सरकवायचं, कुशीवर वळवल्यावर पाठीमागे आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, भरवताना आणि नंतर अर्धा तास डोकं उंच, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात गेल्यावर औषधं २,६०० वर आली. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र डॉक्टरांना दाखवूनच बदलली, आणि तसंच करायला हवं. आता खर्च ४४,७००, पोळ्यांचे वजा करून कमी पडतात ३२,७००, आणि तेच १,९६,००० सहा महिने पुरतात. नोकरी मिळालेली नव्हती, कुणी पैसे दिलेले नव्हते. नुसतं ‘क्षेम’ नीट पाहिलं तेव्हा साडेतीनाचे सहा झाले.

तिसरं पाकीट कारखान्याचं होतं. कार्यमुक्तीचं पत्र. त्यावर तारखा होत्या, आणि त्यांनुसार नोकरी १६ वर्षं ८ महिने. ग्रॅच्युइटीचा अर्ज केला का? "नाही. मालकांचंच वाईट चाललंय. द्यायचं असेल तर देतील." सोळा वर्षं दुसऱ्याचे हिशेब चोख ठेवणारा माणूस स्वतःची बाकी मांडायला लाजत होता. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत पाच वर्षं सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटी हा हक्क आहे. ती बक्षीस नाही, मदतही नाही. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं; सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. यांचे २२,००० आणि १७ वर्षं, म्हणजे सुमारे २,१५,७००. लेखी अर्ज, पोच, आणि देय झाल्यापासून ३० दिवसांत पैसे. टाळाटाळ झाली तर कामगार विभागाच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. मालकाशी भांडायची वेळ आली नाही. त्यांनी दोन हप्त्यांत दिले, उशिराने, पण दिले. पीएफलाही हात लावायचा विचार चालला होता, तो ‘सगळ्यात शेवटी’ असं लिहून ठेवला.

यजमान त्या दिवशी म्हणाले, "म्हणजे स्वामींनी दिलेलं पाकीट मी अडीच महिने उघडलंच नाही." हे वाक्य त्यांचं. समुपदेशकाने असं वाक्य स्वतः म्हणू नये. ऐकणाऱ्याला टोमणा वाटतो.

जे हुकलं तेही सांगायला हवं. झटका आला तेव्हा जवळच्या खासगी रुग्णालयात घाईने दाखल केलं आणि दोन लाखांच्या वर बिल बचतीतून भरलं. रुग्णालय सरकारी आरोग्य योजनेत आहे का, योजनेचा मदतनीस ‘आरोग्यमित्र’ कुठे बसतो, हे दाखल करताना कुणी विचारलं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं; पण रुग्णालय योजनेतलं हवं, उपचार यादीतला हवा, आणि रेशनकार्ड-आधार दाखल करतानाच द्यायला हवं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात, तिथेही उत्पन्नाचा दाखला आधी लागतो. बाई दर अंगारकीला ज्या सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या राहतात, त्याच मंदिराचा न्यास गरजू रुग्णांना उपचारासाठी अर्थसाहाय्य देतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. बिल भरून झाल्यावर या सगळ्याचा उपयोग नसतो. म्हणून रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट आणि उत्पन्नाचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती दाराजवळच्या खिळ्याला टांगायची, हे काम मुलाकडे दिलं.

मुलाला सगळं सांगायचं की नाही, यावर नवरा-बायकोत वाद झाला. सतरा वर्षांच्या मुलाला घरातलं कळलेलंच असतं. त्याला फक्त आकडा माहीत नसतो, म्हणून तो मनात मोठा आकडा धरतो. या मुलाने कुणाला न सांगता डिलिव्हरीच्या कामासाठी चौकशी केली होती. त्याला वही दाखवली. ‘क्लासची फी वर्षभराची धरली आहे’ ही ओळ त्याने दोनदा वाचली, असं आईने सांगितलं.

नवसाचा विषय नाजूक होता. कुणीतरी सांगितलेल्या एका शांतीचा खर्च ११,००० होता आणि बाईंनी त्यासाठी भिशीचा नंबर आधी मागितला होता. शांती करू नका असं सांगणं आमचं काम नाही, आणि सांगितलं असतं तर त्या पुन्हा आल्या नसत्या. विचारलं एवढंच: या वहीत हे ११,००० कोणत्या रकान्यात बसतात? त्या बराच वेळ बघत राहिल्या. ‘क्षेम’मधून काढायचे तर दहा दिवसांची तूट भरून निघते तेवढे. शेवटी त्यांनी पारायणाचा संकल्प केला, ज्याला फुलांशिवाय खर्च नाही. गावच्या गणपतीचंही तसंच. कणकवलीकडच्या घरात पाच दिवसांचा गणपती, सगळ्या भावांत यांचा वाटा ठरलेला. यजमानांनी भावाला फोन करून खरं सांगितलं. भाऊ म्हणाला, यंदा दीड दिवसाचा करू आणि तुझा वाटा मी घालतो. इतके दिवस ज्या फोनची भीती वाटत होती तो चार मिनिटांत संपला.

एक गोष्ट उशिरा कळली आणि तीच सर्वांत धोक्याची होती. एका रात्री तीन वाजता बाईंनी मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा अर्ज अर्धा भरला होता. फोनमधले सगळे नंबर आणि फोटो पाहण्याची परवानगी मागितल्यावर घाबरून थांबल्या. थांबल्या ते बरंच झालं. असल्या ॲपचं कर्ज थकलं की त्रास घरापुरता राहत नाही, फोनमधल्या प्रत्येक नंबरापर्यंत पोहोचतो. अगदीच अडलं तर भिशी, सोन्यावर बँकेचं कर्ज, पॉलिसीवर कर्ज, या क्रमाने. आणि कुठलाही पैशाचा निर्णय रात्री दहानंतर घ्यायचा नाही, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

रात्रीसाठी दोन गोष्टी ठरल्या. पहिली, काळजीची वेळ: संध्याकाळी साडेसहा ते पावणेसात-सात, दोघांनी, स्वयंपाकघरात, वही उघडून. अंथरुणात नाही, आणि झोपायच्या तोंडावरही नाही. जे मनात येईल ते लिहायचं, रकान्यात टाकायचं, पहिल्या दोन रकान्यांतल्या एकेका ओळीसमोर वार लिहायचा. मग दिवाबत्ती, आणि वही मिटून देव्हाऱ्यात ठेवायची. रात्री विचार आला तर एवढंच म्हणायचं की ‘वहीत आहे’, नसेल तर ‘उद्या साडेसहाला’. पहिल्या आठवड्यात हे जमलं नाही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की ‘शाखेत जाणे’ ही ओळ पाच दिवस वाराशिवाय पडून होती. न केलेलं काम देव्हाऱ्यात ठेवून झोप येत नाही. वार पडला, काम झालं, मग हळूहळू गाडी रुळावर आली.

दुसरी गोष्ट पाळ्यांची. अकरा, एक आणि तीनला यजमान उठणार, पाचला बाई. म्हणजे बाईंना दहा ते पाच सलग झोप. रुग्णसाहित्य केंद्रातून अनामत भरून एअर मॅट्रेस आणली. त्यानंतर त्वचा तपासून डॉक्टरांनी रात्रीपुरतं तीन तासांचं अंतर चालेल असं सांगितलं. हे अंतर स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. लाल पडलेली जागा बोटाने दाबूनही पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली आहे असं समजायचं.

यजमानांना एकट्याने बसवून जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट शब्दांत विचारलं होतं. असं विचारल्याने डोक्यात भलतं येतं हा गैरसमज आहे. उलट माणूस सुटल्यासारखा बोलतो. त्यांच्या मनात तसं नव्हतं. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक उडालेली, कशातच रस नाही, ‘माझा विमा तरी कामी येईल’ असं बोलणं सुरू झालं, तर वही-रकाने बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाकडे जायचं. केईएम, नायर, सायनच्या रुग्णालयांत ओपीडी आहे. ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. देवाच्या भक्ताने गोळी घेतली तर भक्ती बाटते असं कुणी म्हणत असेल, तर त्याने आपला चष्मा आधी काढून ठेवावा.

पाचवी भेट चार महिन्यांनी झाली. यजमान कांजुरमार्गला एका गोदामात हिशेबाला लागले होते, पगार आधीपेक्षा ८,००० ने कमी. रात्रीच्या पाळ्या पुन्हा वाटल्या गेल्या: बाराला ते, तीनला बाई, सहाला मुलगा. सासूबाईंच्या पाठीला जखम नव्हती. बोलणं संपत आलं तेव्हा बाईंना विचारलं, तीनला जाग येते का अजून?

"येते ना. गजर लावलाय. त्यांना डाव्या कुशीवर घेते, पोटरीखाली उशी सरकवते. मग झोपते."